पेटीतला उकाडा

नभोवाणीवर कवीला बोलावले म्हणजे तो कविता वाचणार, असे आपण धरून चालता. आज तसे होणार नाही. आज मी पत्र्याची एक पेटी, तिच्यातला पंखा आणि तिला वीज पुरवणारा डबा यांच्याबद्दल बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. विज्ञानाची माझी ओळख दहावीच्या पुस्तकापाशी थांबली होती. ती पुढे वाढली ती हौसेने नव्हे, नुकसानीमुळे. त्या नुकसानीची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे आपल्याला कोरडे वाटणार नाही.

आमचे शिरगाव पालघरच्या पश्चिमेला, समुद्राला टेकून आहे. गावात जुना किल्ला, शेजारी सातपाटीचा कोळीवाडा, आणि किनाऱ्याने उत्तरेला गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र. आमच्या कोकणी मुसलमान घरांत लग्नाच्या आधी बायका हळदी-मेंदीची गाणी म्हणतात. ती आमच्या बोलीत असतात आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. माझ्या खालाला अशी गाणी इतकी येत की एका रात्रीत संपायची नाहीत. २००३ ते २००५ या काळात तिच्याकडून आणि आसपासच्या गावांतल्या आणखी काही वृद्ध बायकांकडून मी ५८ गाणी टेपरेकॉर्डरवर घेतली. मग घरात संगणक आला. माझ्या भाच्याने सगळ्या कॅसेटी त्यात उतरवून दिल्या. मी खूश झालो आणि खुशीत एक मूर्खपणा केला. नव्या कॅसेटी विकत घेण्याऐवजी त्याच कॅसेटींवर मी कविसंमेलने टेप करत सुटलो.

२००६ च्या जानेवारीत खालाचा इंतकाल झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातली ही रात्र. त्या काळी ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचेच होते. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी उभे, आणि आम्ही मात्र दिव्याखालच्या अंधारात बसायचो. संध्याकाळपासून वारा सुटला होता. रात्री वीज आली, मी संगणक लावला आणि कविता टाइप करायला बसलो. पाच-दहा मिनिटांत डोक्यावरचा बल्ब एकाएकी पांढराफटक झाला, पंखा जोरात गरगरला, पेटीतून फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मग सगळे शांत. त्या शांततेत मला पहिल्यांदा आठवली ती खाला.

माझा भाचा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची कामे करतो. दुसऱ्या दिवशी तो आला. त्याने पेटी उघडली, मागचा डबा काढून हातावर तोलला आणि विचारले, "मामू, हा केवढ्याला घेतलात?"

"संगणकाबरोबरच आला," मी म्हटले.

"म्हणजे फुकटात आला. आता त्याची किंमत बघा."

तो डबा म्हणजे एसएमपीएस. संगणकाच्या जाहिरातीत तेव्हाही आणि आजही प्रोसेसरचे नाव मोठ्या अक्षरांत असते. या डब्याचे नाव कोणी विचारत नाही. पण पेटीतल्या प्रत्येक भागाला वीज मिळते ती याच्याच हातून. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी असते. संगणकाच्या आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज. हे रूपांतर करायचे तर जुन्या रेडिओत असायचा तसा लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर लागला असता. एसएमपीएस वेगळी युक्ती करतो. तो आलेली वीज आधी एकदिश करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे बारीक तुकडे पाडतो. ज्याला मोठ्या हंड्याने दोनच खेपांत पाणी भरायचे त्याला हंडा मोठा लागतो. जो हजार खेपा घालतो त्याला पेला पुरतो. तुकडे जितके जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. म्हणून एवढ्याशा डब्यात काम भागते.

पण चांगल्या डब्यात याखेरीज आणखी काही असते. बाहेरून वीज भलतीच चढली तर ती झेलणारा भाग असतो, आणि डब्याच्या आत काही बिघडले तर पुढे जास्त व्होल्ट जाऊ न देता स्वतः बंद होणारी व्यवस्था असते. स्वस्त डबा बनवणारा नेमकी इथेच काटकसर करतो, कारण या गोष्टी नसल्या तरी संगणक चालू होतो. त्या नसल्याचे कळते ते माझ्यासारख्याला, आणि तेही एकदाच.

आता बाहेरून वीज चढली कशी, तेही ऐका. गावात खांबांवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा येतात. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट मिळतात. पण दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रलचा सांधा खाऱ्या वाऱ्याने कुजला आणि सुटला, तर वेगवेगळ्या फेजांवरची घरे एकमेकांच्या आधाराने जोडली जातात. ज्या बाजूला विजेचा वापर कमी, तिथे व्होल्ट चढतात, ३०० च्याही पुढे जाऊ शकतात. बल्ब पांढराफटक होणे ही त्याची खूण. अशा वेळी विचार करत बसू नये, धावत जाऊन मेन स्विच पाडावा. मी बल्बकडे बघत बसलो होतो.

भाच्याबरोबर मी नंतर बोईसरला त्याच्या मित्रांच्या खोलीवर जाऊ लागलो. चार-पाच तरुण रविवारी तिथे जमत, जुने संगणक खोलत, जोडत, आणि भांडत. कवी वृत्तावरून भांडतात तसे हे पंख्यावरून भांडत. कोण म्हणे पेटीचे झाकण काढून ठेवावे, कोण म्हणे कधीच काढू नये. कोण म्हणे जड डबा तोच चांगला. मी त्यांची मते वहीत टिपू लागलो आणि मग एकेक मत पडताळू लागलो. त्यातली काही पक्की निघाली, काही अर्धी खरी, काही निव्वळ ऐकीव.

आधी उष्णतेचे पाहू. संगणक विजेतून प्रकाश फारसा देत नाही, वजन उचलत नाही. तो जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. १०० वॅट घेणारा संगणक म्हणजे १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पत्र्याच्या पेटीत कोंडल्यासारखा. आता ही उष्णता कुठे निघते ते पाहा. आपली ७५० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला चार वॅटही पडत नाहीत. २००४ च्या सुमारास आलेल्या काही पेंटियम-४ प्रोसेसरांचा सिलिकॉनचा तुकडा चौरस सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा होता आणि तो १०० वॅटच्या आसपास उष्णता टाकत असे. म्हणजे इस्त्रीच्या वीसपटींहून अधिक दाट उष्णता, टपालाच्या तिकिटापेक्षाही लहान जागेत.

इंटेल कंपनीचे पॅट गेलसिंगर यांनी २००१ साली एका परिषदेत इशारा दिला होता, की प्रोसेसर याच चालीने वाढत राहिले तर काही वर्षांत त्यांची उष्णतेची दाटी अणुभट्टीइतकी होईल. हे ऐकल्यावर मला साहजिकच तारापूर आठवले. अणुवीज केंद्रातही मूळ प्रश्न हाच असतो. अणुभट्टीत जेवढी उष्णता निघते तिच्यातली साधारण एक तृतीयांशच वीज होते, बाकीची कुठेतरी नेऊन टाकावी लागते. तारापूरला ती समुद्र घेतो. म्हणून केंद्र किनाऱ्यावर आहे. तिथे समुद्राचे पाणी भट्टीत शिरत नाही. ते नळ्यांमधून फिरते, नळ्यांच्या बाहेरच्या वाफेचे पाणी करते आणि उष्णता घेऊन परत जाते. संगणकातही उष्णता नाहीशी करता येत नाही, फक्त हलवता येते. प्रोसेसरवरून धातूकडे, धातूकडून हवेकडे, हवेकडून खोलीबाहेर. हौशी मंडळींची सगळी भांडणे या तीन पायऱ्यांवरची आहेत.

पहिली पायरी प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात बारीक खड्डे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक. तांबे तिच्यापेक्षा हजारो पटींनी चांगले. म्हणून मधे एक लेप लावतात. बोईसरच्या खोलीत एकाचे मत होते, की लेप भरपूर थापावा. हे चूक. लेप हवेपेक्षा चांगला, पण धातूपेक्षा वाईट. त्याने फक्त खड्डे भरायचे आहेत. भाकरीवर लोण्याचा हात फिरवावा तेवढाच. दुसरा एक जण अडीनडीला टूथपेस्ट लावत असे. ती काही दिवस चालतेसुद्धा, पण त्यातले पाणी उडून गेले की तिचा खडू होतो. चांगला लेपही वर्षांनी वाळतो. जुना संगणक विनाकारण तापू लागला तर आधी तो पुसून नवा लावावा.

दुसरी पायरी पंखा. इथे माझीच एक गैरसमजूत मोडली. मला वाटायचे, मोठा पंखा लावला की पेटीत गारवा होईल. माणसाला पंख्याखाली गार वाटते ते घाम वाळतो म्हणून. संगणकाला घाम येत नाही. पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही, तो फक्त तापलेली हवा हटवून तिच्या जागी खोलीतली हवा आणतो. आमच्या किनाऱ्यावर माठातले पाणी देशावरच्यासारखे गार होत नाही, कारण दमट हवेत ते झिरपून उडत नाही. पण संगणकाला दमटपणाने तसा फरक पडत नाही. त्याला फरक पडतो खोलीच्या तापमानाने. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असेल तर पेटीतले सगळे काही त्याच्या वरच असणार.

मग झाकण उघडे ठेवावे का? हे अर्धे खरे मत. झाकण काढल्यावर पेटी तात्पुरती गार होते, त्यातून इतकेच सिद्ध होते की पेटीतला वारा नीट फिरत नाही. आपली जुनी कौलारू घरे आठवा. समोर दार, मागे दार आणि वर कौलांच्या फटी. वारा एका बाजूने येतो, तापून वर जातो आणि दुसरीकडून निघतो. पेटीलाही तेच हवे: पुढून खालच्या बाजूने हवा आत, मागून वरच्या बाजूने बाहेर. चार पंखे लावले आणि सगळ्यांची तोंडे आत केली तर गर्दीच्या गाडीत सगळ्यांनीच एका दारातून चढावे तसे होते. झाकण उघडे ठेवण्याचा खरा तोटा तर गावात कळतो. पाली, मुंग्या आणि झुरळे यांना ऊबदार जागा आवडते. माझ्या पेटीत भाच्याला पालीची दोन अंडी सापडली होती.

तिसरे मत धुळीचे, आणि ते पूर्ण खरे आहे. ठोकळ्याच्या पात्यांमध्ये धूळ बसली की तिची गोधडी होते. आमच्याकडे तिच्यात मीठ मिसळते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, आणि ओले मीठ धातू खाते. माझ्या संगणकाच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी आली होती आणि तांब्याच्या काही टोकांवर हिरवी झाक. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, मऊ कुंचल्याने पेटी झाडावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, फुंकणीच्या वाऱ्याने तो भरधाव फिरू देऊ नये. मेमरीच्या पट्टीची टोके पेन्सिलीच्या खोडरबराने घासण्याची युक्ती सगळ्याच दुरुस्तीवाल्यांना माहीत असते. ती चालते, पण रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नका.

पावसाळ्याबद्दल एका मुलाचे मत ऐकून मी हसलो होतो. तो म्हणे, काम नसले तरी संगणक रोज अर्धा तास लावावा. नंतर कळले, मुलगा बरोबर होता. लोणच्याच्या बरण्या आपण चुलीजवळच्या फळीवर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. आत थोडी ऊब असली की ओलावा भागांवर बसत नाही.

उष्णता नुकसान करते ते दोन प्रकारांनी. एक क्षणात, एक हळूहळू. क्षणातले उदाहरण २००१ सालचे. त्या वर्षी एका जाहीर चाचणीत चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचा ठोकळा काढून घेतला, तेव्हा अ‍ॅथलॉन जातीचे प्रोसेसर काही क्षणांत जळाले, पेंटियम-४ मात्र आपली गती कमी करून तगला. त्यानंतर तापले की स्वतःला आवरण्याची सोय सगळ्यांतच आली. आज आपला संगणक किंवा मोबाइल उन्हाळ्यात मंद होतो तेव्हा तो पुष्कळदा बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो. हळूहळू होणारे नुकसान कपॅसिटरचे. डब्यात आणि मुख्य पट्टीवर उभ्या छोट्या टोप्यांसारखे दिसतात ते हे. त्यांच्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. तंत्रज्ञांचा ठोकताळा असा, की दर १० अंशांमागे त्यांचे आयुष्य निम्मे होते. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटरांची साथच आली होती. ते फुगत, फुटत आणि संगणक आपोआप बंद पडत. टोपीचा माथा सपाट असावा. तो पुरीसारखा फुगला असेल तर वाट पाहू नका.

आता पुन्हा विजेच्या डब्याकडे. बोईसरच्या खोलीत सर्वांत जास्त भांडण याचेच. पहिले मत: जड डबा चांगला. हे बरेचसे खरे, कारण वजन येते ते तांब्याचे आणि आतल्या उष्णता टाकणाऱ्या पट्ट्यांचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या बाजारात मी लोकांना डबे भाजीसारखे हातावर तोलताना पाहिले आहे. पण नुसत्या जाड पत्र्यानेही वजन वाढते, तेव्हा तराजूवर पूर्ण विश्वास नको. दुसरे मत: जास्त वॅटचा डबा जास्त बिल आणतो. हे चूक. डब्यावरचा आकडा म्हणजे तो किती देऊ शकतो, किती खातो हे नव्हे. मोठी विहीर खणली म्हणून आपण जास्त पाणी पीत नाही. मात्र स्वस्त डब्यांवर छापलेला आकडा पुष्कळदा क्षणभर पेलण्याचा असतो, तासन्‌तास देण्याचा नव्हे.

बिल ठरते ते कार्यक्षमतेवर. समजा आतल्या भागांना १०० वॅट लागतात. डबा ७० टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून तो १४३ वॅट घेईल, ८५ टक्के असेल तर ११८. फरक २५ वॅटचा. रोज आठ तास संगणक चालला तर वर्षाला ७३ युनिट, आणि तेवढीच उष्णता पेटीत जास्त. २००४ पासून 'एटी प्लस' नावाचे प्रमाणपत्र निघाले आहे. ज्या डब्याची कार्यक्षमता ठरावीक भारांवर किमान ८० टक्के भरते त्याला ते मिळते. डबा घेताना हे चिन्ह पाहावे. ते पुरेसे नाही, पण आवश्यक आहे.

यूपीएसबद्दलही एक घोटाळा आहे. त्यावर ६०० लिहिलेले असते ते व्हीए, वॅट नव्हेत. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅटच्या आसपासच भार टाकता येतो. वीज गेल्यावर एसएमपीएसच्या पोटात जो साठा उरतो तो सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच पुरतो. तेवढ्यात यूपीएसने सूत्रे हाती घ्यायची असतात. म्हणून साध्या घरगुती इन्व्हर्टरवर दिवे तसेच राहतात, पण संगणक कधी कधी बंद होतो. इन्व्हर्टरला बदल करायला तेवढा वेळ पुरत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र या भांडणात कोणीच काढली नव्हती. ती भाच्याने काढली. त्याने मला विचारले, "मामू, पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात का?" येत होत्या. मी ते यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून दिले होते. एसएमपीएसच्या आत दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात; नको असलेला गोंगाट त्यांतून अर्थिंगकडे जावा म्हणून. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मी वीज, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर भागते. पण त्याचा अर्थ असा, की आपल्या भिंतीतले तिसरे भोक कुठेही जोडलेले नाही. आमच्या घरी ते नव्हतेच. दुकानातून 'स्पाइक गार्ड' म्हणून आणलेल्या पट्ट्याही मग अर्धे काम करतात. भाच्याने अंगणात खड्डा खणला, जस्त चढवलेला पाइप उभा केला आणि भोवती कोळसा व मिठाचे थर दिले. किनाऱ्याची जमीन ओलसर, त्यामुळे अर्थिंग चांगले मिळते. पण तेच मीठ पाइप खाते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ते तपासून घ्यावे लागते.

मोठ्या यंत्रांनाही हेच प्रश्न पडतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' हा संगणक कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्या तापल्याशिवाय काम करीत नसत. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' बसवला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरांची उष्णता न्यायला थेट नळ्यांतून पाणी खेळवले. आज नवी मुंबईत ऐरोली, महापे, पनवेल या भागांत मोठी डेटा केंद्रे उभी आहेत. आपण मोबाइलवर पाठवलेले फोटो अशाच कुठल्या तरी इमारतीत राहतात. तिथेही वीज अखंड आणणे आणि उष्णता बाहेर काढणे हेच मोठ्या खर्चाचे काम असते. प्रोसेसरची नुसती गती वाढवण्याची शर्यतही उष्णतेनेच थांबवली. २००५ पासून एका जलद प्रोसेसरऐवजी एकाच तुकड्यावर दोन, मग चार, अशी वाट धरली गेली. एकाच बैलाला पळवून फेस आणण्यापेक्षा जोडी लावलेली बरी, हे शेतकऱ्याला आधीच माहीत होते.

आता माझ्या गाण्यांचे काय झाले ते सांगतो. डब्याने जास्त व्होल्ट पुढे सोडले होते, त्यात हार्ड डिस्कच्या पाठीवरची इलेक्ट्रॉनिक पट्टी जळाली होती. आतली तबकडी, जिच्यावर खाला गात होती, ती शाबूत असण्याची आशा होती. भाचा डिस्क घेऊन लॅमिंग्टन रोडला गेला. एका कारागिराने तशाच बनावटीची दुसरी डिस्क शोधून तिची पट्टी हिला लावली. तेव्हाच्या डिस्कांत हे कधी कधी जमत असे; आजच्या डिस्कांत प्रत्येक पट्टीत त्या डिस्कची स्वतःची माहिती असते, त्यामुळे नुसती अदलाबदल करून भागत नाही. तबकडी फिरली, थोडा वेळ चालली, मग अडखळू लागली. तेवढ्या वेळात ५८ पैकी ४१ गाणी उतरवता आली. राहिलेल्या १७ पैकी नऊंचे शब्द माझ्या वहीत होते. आठ उरली. मी गावात पुन्हा फिरलो, म्हाताऱ्या बायकांपुढे बसलो. तिघींच्या आठवणीतून तीन गाण्यांचे शब्द जुळले, चाल जुळली नाही. पाच गाणी गेली. त्यातले एक मुलीच्या पाठवणीचे होते. खाला ते म्हणताना मधेच थांबायची आणि पदराने डोळे टिपून पुढे म्हणायची. ते थांबणेही त्या ध्वनिफितीत होते.

चूक कोणाची, असे मला अनेकांनी विचारले. सांधा वाऱ्याने कुजला, डबा स्वस्त होता, अर्थिंग नव्हते. हे सगळे खरे. पण मूळ कॅसेटी मी स्वतःच्या हाताने पुसल्या. उत्तम पंखा, उत्तम डबा, उत्तम यूपीएस घेतला तरी यंत्र एक दिवस जाणारच. जपायचे असते ते यंत्र नव्हे, त्यातले काम. म्हणून आज माझ्याकडे त्या ४१ गाण्यांच्या तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक भाच्याच्या घरी बोईसरला आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. सगळ्या एका छपराखाली ठेवल्या तर त्या तीन नव्हेत, एकच.

भाच्याची मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या पेटीला काचेची बाजू आहे, आत रंगीत दिवे आणि पाण्याच्या नळ्या. तिच्याशी मी अजून भांडतो, की खाऱ्या हवेत पाणी खेळवण्यापेक्षा एक चांगला ठोकळा आणि एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा बरा. ती म्हणते, "नानू, तुमचे मत जुने झाले." असेल. पण तिने पेटी आणली त्या दिवशी मी दिवे पाहिले नाहीत. आधी मागे जाऊन डब्यावरचे चिन्ह वाचले, आणि मग पत्र्याला उलटा हात लावून पाहिला. मुंग्या आल्या नाहीत.

आज रविवार आहे. दुपारी थोडी सवड असेल तर आपल्या घरचा संगणक बंद करून, प्लग काढून, त्याचे झाकण उघडा. धूळ झाडा, कपॅसिटरांचे माथे पाहा. भिंतीतले अर्थिंग ओळखीच्या वायरमनकडून तपासून घ्या. आणि त्या पेटीत कोणाचा आवाज, कोणाचे हस्ताक्षर, कोणाचा फोटो एकुलता एक असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा. झाकण नंतर लावले तरी चालेल.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)